दीड मायक्रॉनचा उजेड



बोलायला लागण्याआधी तुम्हाला एक काम सांगतो. घरातला टीव्हीचा रिमोट हातात घ्या. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा. रिमोटच्या टोकाला जो छोटासा दिवा असतो तो कॅमेऱ्यासमोर धरा आणि एखादं बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा हा उजेड अडवणारी काच बसवलेली असते.

हा रिमोटचा उजेड साधारण ०.९४ मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला डोळा ०.७ मायक्रॉनच्या आसपास थांबतो. मोबाइलचा सेन्सर सिलिकॉनचा असतो, तो त्यापुढे १.१ पर्यंत जातो, म्हणून त्याला रिमोट दिसला. आणि १.१ च्या पुढे? तिथे सिलिकॉनही आंधळं. आज मला बोलायचंय ते त्यापुढच्या पट्ट्याबद्दल, साधारण १ ते २.५ मायक्रॉन. त्याला शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड म्हणतात, बोलताना सगळे नुसतं ‘स्विर’ म्हणतात.

तुमच्या घरी फायबरचं इंटरनेट असेल, तर माझं हे बोलणं याच उजेडावर स्वार होऊन तुमच्यापर्यंत आलंय. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्यात १.४९ मायक्रॉनचा उजेड येतो आणि १.३१ चा परत जातो. आत तांदळाच्या कणीहून लहान असा एक डिटेक्टर बसलेला असतो. तो उजेडाची वीज करतो. तो सिलिकॉनचा नसतो. कशाचा, ते पुढे येईलच.

मी सिग्नल्सचा माणूस. इंदूरला बी.एस्सी. केलं, मग फौजेत गेलो, मधे महूच्या आमच्या कॉलेजात टेलिकम्युनिकेशनचे कोर्स केले, आणि निवृत्तीनंतर महूतच घर केलं. मी शास्त्रज्ञ नाही. या विषयाच्या मागे लागलो कारण या उजेडानं मला दोनदा फसवलं. एकदा तो होता आणि मी नाही म्हणालो. एकदा तो नव्हता आणि यंत्र आहे म्हणालं. 

पहिली गोष्ट २००२ च्या हिवाळ्यातली. मी तेव्हा लेफ्टनंट कर्नल होतो. जागेचं नाव घेत नाही, पण एका खिंडीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे एक ठाणं, मधे आमच्या लोकांनी आदल्या वर्षी टाकलेली फायबरची लाईन. काही ठिकाणी चरात पुरलेली, खडक लागला तिथे खांबांवरून नेलेली. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास लाईन गेली. रेडिओ होता, पण त्या हवेत आवाज तुकड्यातुकड्यांनी येत होता. त्या तुकड्यांतून एवढं कळलं की पलीकडे एका जवानाच्या छातीत पाणी भरतंय. उंचीवरचा हा आजार फार वेळ देत नाही. तिकडे नर्सिंग असिस्टंट होता, डॉक्टर आमच्या बाजूला. डॉक्टरला बोलायचं होतं आणि लाईन नव्हती.

मी एक्सचेंजच्या खोलीत गेलो. पॉवर मीटर काढला तर थंडीनं त्याचे सेल बसलेले. मग मी काय केलं, तर पाठवायच्या बाजूची दोरी कार्डातून सोडवली आणि तिच्या टोकात डोळा घातला. अंधार. म्हणालो, कार्ड मेलंय, लेझरच लागत नाहीये.

आता तुम्ही म्हणाल, बी.एस्सी. झालेला माणूस असं करतो? करतो. कारण आम्ही फायबर पहिल्यांदा शिकलो ते ०.८५ मायक्रॉनच्या जुन्या यंत्रांवर. तो उजेड डोळ्याला अगदी मंद, विझत्या निखाऱ्यासारखा लाल दिसतो. वर्गात आम्ही सगळ्यांनी तो बघितला होता. पाहायला नको होता, पण बघितला होता. नवी लाईन १.५५ मायक्रॉनवर चालते हे मला पाठ होतं. आकडा पाठ होता, पण डोळ्याला सवय जुन्या निखाऱ्याची.

दुसरं कार्ड खालच्या स्टोअरमधून मागवलं. बर्फातून ते वर यायला तासाहून जास्त गेला. ते बसवलं. लाईन मेलेलीच. मी पुन्हा दोरीच्या टोकात बघितलं. पुन्हा अंधार.

आमचा लाईनचा हवालदार साताऱ्याच्या माण तालुक्यातला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. तो इतका वेळ गप्प उभा होता. म्हणाला, “सर, दोन्ही कार्डं एकदम मरत नसत्यात. ओटीडीआर लावू का?”

ओटीडीआर हे काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण यात डिटेक्टरचं खरं मोल कळतं. हे यंत्र फायबरमध्ये उजेडाचा एक ठोका सोडतं. काच कितीही शुद्ध असली तरी त्यातला अगदी नगण्य भाग वाटेत विखुरतो, आणि त्यातलाही थोडासाच मागे फिरून यंत्राकडे येतो. यंत्र तो परतीचा उजेड ऐकत बसतं. काचेत उजेड मायक्रोसेकंदाला सुमारे दोनशे मीटर चालतो. जाऊन यायचं म्हणून निम्मे धरा. म्हणजे दर मायक्रोसेकंद उशिराला शंभर मीटर अंतर. पडद्यावर एक उतरती रेघ दिसते. जिथे तार तुटलीय तिथे एक टोक वर येतं, नाहीतर रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली कोसळते. सगळी करामत त्या परतीच्या उजेडाची, आणि तो इतका क्षीण की चांगला डिटेक्टर नसेल तर पडद्यावर नुसतं गवत दिसेल. गवत हा आमचा शब्द, नुसत्या गोंधळासाठी.

रेघ ११.६ किलोमीटरवर कोसळली होती. खोलीत सगळं ठीक होतं. कार्ड ठीक, लेझर ठीक, आणि मी ज्या दोरीत दोनदा डोळा घातला तिच्यात पूर्ण वेळ उजेड होता.

नुकसान काय झालं? लाईन त्या रात्री जोडता येणारच नव्हती. अंधारात त्या उतारावर मी माणसं घातली नसती. पण बिघाड बाहेर आहे हे साडेआठला कळलं असतं तर मी लगेच मधल्या धारेवर रेडिओची तुकडी पाठवली असती, म्हणजे तिथून दोन्ही बाजूंचं बोलणं पुढे देता आलं असतं. कार्डाची वाट बघण्यात दीड तास गेला, आणि ती तुकडी दहानंतर निघाली. पहाटे तीनला डॉक्टरचं बोलणं पलीकडे पोचलं. उजाडताच हेलिकॉप्टर गेलं. तो जवान वाचला. तिकडच्या नर्सिंग असिस्टंटनं ऑक्सिजन आणि स्वतःची अक्कल वापरून त्याला रात्र काढून दिली. माझा दीड तास त्या हिशेबात उण्या बाजूला आहे, आणि तिथेच राहणार.

सकाळी लाईनवाले गेले. फायबरचं अंतर आणि जमिनीवरचं अंतर एक नसतं. प्रत्येक जोडाशी काही मीटर तार गुंडाळून ठेवलेली असते. हवालदारानं आपल्या वहीतून ती गुंडाळी वजा करत करत नेमकी जागा काढली. बर्फाचा लोंढा आला होता आणि दोन खांब घेऊन गेला होता.

मी फायबरच्या टोकात बघितलं ते कोणी करू नका. मी बचावलो याचं एक कारण, तो लेझर मिलीवॉटच्या हिशेबातला होता. दुसरं, १.५५ मायक्रॉनचा उजेड डोळ्यातलं पाणी पुढच्या भागातच गिळून टाकतं, मागच्या पडद्यावर त्याचा ठिपका पडत नाही. याच कारणासाठी फौजांनी अंतर मोजायचे लेझर १.०६ वरून १.५४ मायक्रॉनवर आणले. १.०६ चा उजेड डोळ्याच्या भिंगातून सरळ रेटिनावर जमतो आणि सरावात आपल्याच माणसाचा डोळा जाऊ शकतो. पण लांब पल्ल्याच्या लाईनवर उजेड वाढवणारे अॅम्प्लिफायर असतात, तिथे हा पाण्याचा पडदा पुरेल असं समजू नका.

आता मूळ प्रश्न. सिलिकॉनला हा उजेड का दिसत नाही?

घराचा ओटा डोळ्यासमोर आणा. इलेक्ट्रॉन खाली अंगणात बसलेला आहे. तो ओट्यावर चढला की वीज वाहते, अंगणात बसला तर नाही. उजेडाचा एकेक कण येतो आणि त्याला वर ढकलतो. ओट्याची उंची म्हणजे बँडगॅप, आणि ती प्रत्येक पदार्थाची ठरलेली. सिलिकॉनची १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. उजेडाच्या कणाचा धक्का किती, ते काढायला सोपा भागाकार आहे: १.२४ ला मायक्रॉननं भागा. रिमोटचा ०.९४ मायक्रॉन, धक्का १.३२. ओटा पार. आमच्या लाईनचा १.५५ मायक्रॉन, धक्का ०.८. ओट्याच्या काठापर्यंतही नाही. आणि इथे एक अडचण अशी की दोन धक्के मिळून एक होत नाहीत. अशा उजेडाचा झोत कितीही मोठा करा, साध्या सिलिकॉनला पत्ता लागत नाही. तो उजेड काचेतून जावा तसा सिलिकॉनमधून आरपार निघून जातो. चिपच्या कारखान्यांत याचा उपयोग करतात, स्विरचा कॅमेरा लावून सिलिकॉनच्या चकतीच्या पोटातलं बघतात.

तेव्हा ओटा बुटका हवा. जर्मेनियमचा ०.६६ आहे. जुन्या काळी तेच वापरत, आणि स्वस्तातल्या मीटरांत बरीच वर्षं तेच होतं. आणि हेच माझ्या दुसऱ्या गोष्टीचं मूळ.

२००५ चा मे महिना, पश्चिम राजस्थान. तिथेही लाईन, तिथेही रात्र, पण बर्फाच्या जागी वाळू. ट्रकच्या मागच्या बंद डब्यात पन्नासच्या पुढे तापमान. एक लाईन बंद पडली होती आणि माझा एक तरुण अधिकारी मीटर लावून सांगत होता, “सर, पॉवर फार कमी आहे, पण आहे. म्हणजे तार तुटलेली नाही, कुठेतरी दबलीय.” त्यानं माणसं जोड तपासायला पाठवली होती. मी खिंडीतल्या रात्रीपासून थोडा संशयी झालो होतो. मी म्हणालो, तार काढ आणि मीटरच्या तोंडाला टोपण लाव. टोपण लावलं. मीटर तोच आकडा दाखवत राहिला.

मीटरला अंधारात उजेड दिसत होता. ओटा बुटका असला की उजेडाचीच गरज राहत नाही, नुसत्या उष्णतेच्या थरथरीनंही इलेक्ट्रॉन वर चढतात. त्या विजेला डार्क करंट म्हणतात. खरा उजेड कोणता आणि उष्णतेचा भास कोणता, हे तारेतल्या विजेवरून ओळखायचा काही मार्ग नाही, दोन्ही सारखेच इलेक्ट्रॉन. जर्मेनियममध्ये हा करंट साधारण दर दहा अंशांना दुप्पट होतो. पंचवीस अंशांवर जो असेल तो पंचावन्नला आठपट. मीटरवर झिरो करायचं बटण असतं ते याचसाठी. टोपण लावून, आत्ताच्या तापमानाला जो भास आहे तो आधी वजा करून घ्यायचा. सकाळी गारव्यात झिरो केलेला मीटर दुपारी कामाचा नाही. त्या पोरानं सकाळी सहाला केला होता. तार पूर्ण तुटलेली निघाली, एका गाडीच्या चाकाखाली.

या विषयाची सगळी झटापट या एका गोष्टीशी आहे, मंडळी. जितक्या लांब मायक्रॉनपर्यंत पाहायचं तितका ओटा बुटका करावा लागतो, आणि जितका बुटका करावा तितका भास वाढतो. फुकट काही मिळत नाही. मग भास कमी करायचे दोन रस्ते. एक, डिटेक्टर थंड करा. दुसरा, स्फटिक इतका निर्दोष वाढवा की इलेक्ट्रॉनला चोरवाटेनं वर चढायला फट मिळू नये. पहिला रस्ता पैशाचा आणि विजेचा आहे. दुसरा कसबाचा.

आता त्या पांढऱ्या डब्यातला डिटेक्टर. तो इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा असतो. गॅलियम आर्सेनाइडचा ओटा १.४२, इंडियम आर्सेनाइडचा ०.३५. दोन्ही मिसळून मधली हवी ती उंची मिळते. पण हा थर कशावर तरी वाढवावा लागतो, आणि खालच्या थराच्या विटा आणि वरच्या थराच्या विटा एका मापाच्या नसतील तर भिंतीला तडे जातात. असा प्रत्येक तडा ही एक चोरवाट. शंभरातले त्रेपन्न भाग इंडियमचे ठेवले तर विटेचं माप इंडियम फॉस्फाइडच्या विटेशी बरोबर जुळतं. ओटा येतो ०.७५ आणि नजर जाते जवळजवळ १.७ मायक्रॉनपर्यंत. फायबरची काच सगळ्यात स्वच्छ १.५५ ला असते आणि ते नेमकं या नजरेच्या आत बसतं. निसर्गाचा हा मेळ बघून मला अजून गंमत वाटते. इंडियम आणखी वाढवून २.५ पर्यंत जाता येतं, पण विटा जुळत नाहीत, तडे जातात आणि भास वाढतो. तिकडे मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड वापरतात. १९५९ साली इंग्लंडमध्ये निघालेला हा मिश्र पदार्थ ओट्याची उंची हवी तशी बदलू देतो, पण तो वाढवणं फार हट्टी काम आहे.

एक डिटेक्टर म्हणजे एक ठिपका. असे हजारो, लाखो ठिपके शेजारी शेजारी मांडले की कॅमेरा होतो. इथे फौजेतल्या माझ्या मित्रांचाही एक घोटाळा होतो. इन्फ्रारेड म्हटलं की त्यांना थर्मल कॅमेरा आठवतो. थर्मल कॅमेरा दहा मायक्रॉनच्या आसपास बघतो. माणसाच्या अंगातून स्वतःहून जे किरण निघतात ते त्याला दिसतात. स्विर तसं नाही. ते डोळ्यासारखंच वस्तूवरून परत आलेला उजेड बघतं. म्हणून त्याचं चित्र फोटोसारखं येतं, चेहरा आणि पाटीवरचा नंबर ओळखता येतो. थर्मलला खिडकीची काच भिंतीसारखी, काचेमागचा माणूस दिसत नाही. स्विरला काच ही काचच. आणि अमावास्येच्या रात्रीही आकाश या पट्ट्यात पूर्ण काळं नसतं. सत्त्याऐंशी किलोमीटरच्या आसपास उंचीवर हायड्रॉक्सिलचे रेणू मंद चमकत असतात, ती चमक बरीचशी १.४ ते १.८ मायक्रॉनमध्ये असते. चांगल्या कॅमेऱ्याला तेवढी पुरते.

विकणारे लोक म्हणतात, धुक्यातूनही दिसतं. इथे जरा सांभाळून. धूर आणि बारीक धुरकट हवा यांच्यातून स्विर खरंच चांगलं दिसतं, कारण कण उजेडाच्या लांबीहून खूप लहान असतील तर १.५५ मायक्रॉनचा उजेड हिरव्या उजेडापेक्षा साठेकपट कमी विखुरतो. पण उत्तरेकडच्या जानेवारीतल्या दाट धुक्याचे थेंब पाच, दहा, वीस मायक्रॉनचे असतात. त्यांच्यापुढे ०.५ काय आणि १.५ काय, सारखेच. रेल्वेसाठी, गाड्यांसाठी असा कॅमेरा कोणी दाखवायला आला तर त्याला धुराचा व्हिडिओ बाजूला ठेवून दाट धुक्यातला व्हिडिओ मागा.

पाणी हा या पट्ट्यातला आणखी एक खेळ. १.४५ मायक्रॉनला पाणी उजेड शोषून घेतं. म्हणून ओली वस्तू काळी दिसते. सफरचंदाला आतून मार लागला असेल तर साल चांगली असूनही तिथे काळा डाग येतो. ओलं आणि सुकं धान्य वेगळं करता येतं. हिरव्या रंगाची जाळी आणि खरं झाड डोळ्याला सारखंच दिसेल, पण पानात पाणी असतं आणि कापडात नसतं. रंगाऱ्यानं त्याचा विचार केला नसेल तर लपवलेली तोफ स्विरमध्ये उघडी पडते.

आणि बर्फ. डोळ्याला बर्फ आणि ढग दोन्ही पांढरे. उपग्रहाच्या साध्या चित्रात खिंडीवर ढग आहे की बर्फ, हे सांगता येत नाही. १.६ मायक्रॉनला बर्फ काळपट होतो, कारण बर्फाचे दाणे तो उजेड गिळतात. पाण्याच्या थेंबांचा ढग मात्र पांढराच राहतो. म्हणून आपल्या आयआरएस–१सी उपग्रहावर, जो २८ डिसेंबर १९९५ ला बैकानूरहून सुटला, १.५५ ते १.७ मायक्रॉनचा एक पट्टा मुद्दाम ठेवला होता. बर्फ कुठवर आहे याचे नकाशे त्यातून होत असत. २०१३ मध्ये गेलेल्या इनसॅट–३डी वर हाच पट्टा आहे. आमच्या वेळी मनाली–चंदीगडची सासे ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देत असे. त्या इशाऱ्यांचा कागद आमच्याकडे भिंतीवर रोज बदलला जायचा. कोणत्या डिटेक्टरची नजर त्यामागे आहे हा विचार मला तेव्हा कधी शिवला नाही.

आयआरएस–१सी च्या त्या कॅमेऱ्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच्या बाकीच्या पट्ट्यांत जमिनीवरचा साडेतेवीस मीटरचा चौकोन एक ठिपका म्हणून दिसायचा. या एका पट्ट्यात तो साडेसत्तर मीटरचा. तिप्पट जाडं. उपग्रह तोच, उंची तीच. फरक एवढाच की बाकीच्या पट्ट्यांत सिलिकॉनच्या एका ओळीत सहा हजार ठिपके होते, आणि इथे एकवीसशे. सिलिकॉनची चकती मोठी, स्वस्त आणि जवळपास निर्दोष मिळते. या दुसऱ्या स्फटिकांच्या चकत्या लहान, ठिसूळ आणि महाग. त्यातून डिटेक्टर एका पदार्थाचा आणि सिग्नल वाचणारी चिप सिलिकॉनची, म्हणून प्रत्येक ठिपका खालच्या चिपला इंडियमच्या गोळीनं जोडावा लागतो. लाखो गोळ्या, आणि एकही हुकायला नको. २०२० मध्ये सोनीनं गोळीऐवजी तांब्याला तांबं भिडवून पाच मायक्रॉनचे ठिपके केले, आणि तेच सेन्सर साधा उजेडही बघू लागले. आता लेड सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण, क्वांटम डॉट्स, सिलिकॉनच्या चिपवर शाईसारखे पसरवून डिटेक्टर करायचं चाललंय. कणाचा आकार बदलला की नजर बदलते. या क्वांटम डॉट्सच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ते जमलं तर स्विर कॅमेरा कधीतरी फोनात येईल. पण त्यांचा भास अजून जास्त आहे आणि हवेनं, उष्णतेनं ते खराब होतात. उपग्रहावर मी तरी सध्या जुनाच स्फटिक ठेवीन.

आणि हा स्फटिक बाजारात जाऊन विकत आणता येत नाही. चांगले स्विर सेन्सर निर्यात-नियंत्रणाच्या यादीत असतात. कुठे लावणार, कशाला लावणार, दुसऱ्याला देणार नाही ना, असा सगळा दाखला द्यावा लागतो, आणि तरी नाही म्हणायचा हक्क विकणाऱ्याकडे राहतो. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार व्यवस्थेत सामील झाला तेव्हा काही वर्तमानपत्रांनी आता दारं उघडली असं लिहिलं. त्या टेबलाभोवती बसणं म्हणजे आपणही नियंत्रण पाळणार असं कबूल करणं. समोरचा सेन्सर देईलच असं तिथे कुठे लिहिलेलं नाही.

आपल्याकडे काम नाही असं नाही. दिल्लीची सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरी मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडवर वर्षानुवर्षं झगडते आहे. डेहराडूनची आयआरडीई दुर्बिणी आणि रात्रीच्या दृष्टीची यंत्रं करते. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनं सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना मंजूर केली आणि तिच्यात कंपाउंड सेमीकंडक्टर आणि सेन्सर हेही घेतले. पण टीव्हीवरच्या चर्चेत प्रश्न एकच, किती नॅनोमीटरची चिप? डिटेक्टरला हा प्रश्नच लागू नाही. इथे लागतो तो दहा–पंधरा वर्षं एकाच भट्टीपाशी बसणारा माणूस, ज्याला स्फटिकात तडा कुठल्या तापमानाला जातो ते हातानं कळतं. अशा माणसाची दर तीन वर्षांनी बदली करायची नसते. हे मी फौजेतून आलेला माणूस म्हणतोय, जिथे सगळ्यांची दर दोन–तीन वर्षांनी बदली होते, माझीही झाली. लढणाऱ्या माणसाला ते ठीक आहे. भट्टीवाल्याला नाही.

आमचा हवालदार सुभेदार होऊन निवृत्त झाला. सध्या माणदेशात एका केबलवाल्याकडे फायबर जोडायचं काम बघतो, हाताखाली चार पोरं आहेत. दिवाळीला फोन करतो. मागच्या वेळी मी विचारलं, मीटर कुठला वापरतोस? म्हणाला, “सर, आता खिशातला मिळतो, इंडियम गॅलियमवाला. चांगला आहे. पण मी टोपण लावून झिरो केल्याबिगर पोरांना हात लावू देत नाही. उन्हाळ्यात तर दोनदा.” 

मग जरा थांबला आणि म्हणाला, “एक सांगू का सर, राग मानू नका. लाईन गेली की ही पोरं अजून आधी तारंच्या टोकात डोळा घालूनच बघत्यात.”